आधी अंदाज, मग बटण: परीक्षेतला ग्राफिंग कॅल्क्युलेटर

माझ्या कॅल्क्युलसच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या कॅल्क्युलेटरनं मान टाकली. मैत्रिणीकडे एक जास्तीचा होता, तो मागून आणला, सेल आहेत ना ते पाहिलं आणि निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी एका प्रश्नात कोसाइन क्ष चा आलेख, य = क्ष ही रेघ आणि य-अक्ष यांच्यामध्ये सापडलेल्या भागाचं क्षेत्रफळ विचारलं होतं. दोन्ही समीकरणं टाकली. पडद्यावर कोसाइनच्या जागी चक्क आडवी रेघ आली. मला वाटलं, पडदाच लहान, असेल काहीतरी. छेदनबिंदू आला ०.९९९८, क्षेत्रफळ आलं ०.५००. लिहून मोकळी झाले.

खरा छेदनबिंदू ०.७३९ वर असतो आणि क्षेत्रफळ येतं ०.४००. मैत्रिणीचा कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये होता, म्हणजे कोन अंशांत धरत होता, आणि इथे हवे होते रेडियन; फिजिक्सच्या तासाला तिला तोच लागायचा. मोड बघायची राहिली याचं मला फारसं वाईट वाटत नाही, तसं कुणाचंही होतं. वाईट याचं वाटतं, की कोसाइनची लाट मी हातानं पन्नास वेळा काढलेली होती, आणि समोर लाटेऐवजी रेघ दिसत असतानाही मी स्वतःपेक्षा पडद्यावर जास्त विश्वास ठेवला.

म्हणून भाच्याला एसएटीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेसाठी, शिकवायला बसले तेव्हा पहिल्याच दिवशी एक अट घातली: बटणाला हात लावायच्या आधी उत्तर साधारण कसं असेल ते कच्च्या कागदावर लिहायचं. ‘धन, दहाच्या आत’ एवढं लिहिलं तरी चालेल. ‘आलेख वर उघडणारा, दोनदा अक्ष कापेल’ असं लिहिलं तर उत्तम. तो म्हणाला, “मावशी, एवढा वेळ कुठे असतो?” हिशेब करून दाखवला. एसएटीच्या गणितात दोन भाग, प्रत्येकी २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ९५ सेकंद. अंदाज लिहायला पाच जातात. चुकीचा आलेख न्याहाळत बसलं की साठ कधी गेले ते कळत नाही.

कोणत्या परीक्षेत कोणतं यंत्र

हे थोडक्यात सांगते, कारण नियम बदलत असतात आणि परीक्षेच्या आधी ते अधिकृत पानावर स्वतः वाचलेले बरे. एसएटीत कॅल्क्युलेटरला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. परीक्षा संगणकावर आली, अमेरिकेबाहेर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये, तेव्हापासून गणिताच्या सगळ्या प्रश्नांना तो चालतो. ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपमध्येच डेसमॉस हा पडद्यावरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर असतो. मान्यता असलेला स्वतःचा कॅल्क्युलेटरही नेता येतो. मात्र अक्षरांची बीजगणितं स्वतः सोडवणारे, म्हणजे ‘सीएएस’ प्रकारचे, कॅल्क्युलेटर ऑगस्ट २०२५ पासून तिथे बंद झाले. एसीटी या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेत ते आधीपासूनच चालत नाहीत, टीआय-८९ हा सीएएसवाला कॅल्क्युलेटर घेऊन गेलात तर तो पिशवीतच राहील. एपी कॅल्क्युलसची, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेची, गोष्ट वेगळी: तिथे काही भागांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, आणि बाकीच्या भागांत त्याला हातही लावायचा नसतो.

पुढचं सगळं मी दोन यंत्रं धरून सांगते, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ आणि डेसमॉस. एक हातातलं, एक पडद्यावरचं. दोन्ही येत असतील तर छानच, पण परीक्षेच्या दिवशी एकावरच हात बसलेला असावा. या खिडकीतून त्या यंत्राकडे उड्या मारणारी मुलं मी पाहिली आहेत, कंस कुठे टाकला तेच त्यांना आठवत नाही.

पहिलं मिनिट

साइन ३० टाइप करा. ०.५ आलं तर डिग्री मोड, उणे ०.९८८ आलं तर रेडियन. मोडचं पान उघडायचीही गरज नाही. टीआय-८४ ची सगळी मेमरी पुसली तर तो रेडियनवर परत येतो, हेही ध्यानात असू द्या. एखादी सेटिंग बिघडली म्हणून घाईत ‘रीसेट’ मारलं आणि मग त्रिकोणाचं गणित अंशांत सोडवलं, असं घडतं.

टीआय-८४ वर आणखी एक छुपी खोड आहे. आधी कधीतरी सांख्यिकीचा आलेख काढून ‘प्लॉट १’ चालू ठेवला असेल, तर आज साधी रेघ काढायला गेलात तरी ‘डिम मिसमॅच’ किंवा तसलीच काहीतरी तक्रार येते. मुलं घाबरून समीकरण चारदा तपासतात. समीकरणात काहीच चूक नसते. ‘वाय =’ च्या पानावर सगळ्यात वर प्लॉट १ काळा दिसत असेल तर त्यावर जाऊन एंटर दाबा, संपलं.

टाइप करताना

टीआयवर उणे दोन प्रकारचं असतं. वजाबाकीचं बटण उजवीकडे, इतर क्रियांच्या रांगेत. ऋण संख्येचं बटण खाली, कंसातलं. −५ लिहिताना वजाबाकीचं बटण दाबलंत तर एकतर सिंटॅक्सची तक्रार येईल, नाहीतर आधीच्या उत्तरातून ५ वजा होतील. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यात तक्रारच येत नाही.

ऋण संख्येचा वर्ग करताना कंस हवाच. −३ चा वर्ग कंसाशिवाय टाकला की यंत्र −९ देतं, आणि ते बरोबरच आहे: आधी घात, मग चिन्ह. आपल्याला ९ हवे होते, हे त्याला कुठून कळणार?

१/२क्ष ची गंमत बघा. टीआय-८४ वर एका ओळीत असं टाकलं तर तो त्याचा अर्थ ‘अर्धा क्ष’ असा घेतो. डेसमॉसमध्ये भागाकाराची खूण टाकताच कर्सर छेदात जातो, आणि पुढे टाकलेले २ आणि क्ष दोन्ही रेघेखाली जाऊन बसतात. तेच बटण, तोच क्रम, आलेख मात्र वेगळे: एक सरळ रेघ, एक वक्र. डेसमॉसमध्ये छेद संपला की उजवीकडचा बाण दाबून बाहेर यायचं. टीआयवर शंका असेल तिथे कंस टाकायचा. जास्तीच्या कंसाला कुणी दंड करत नाही.

पडदा रिकामा दिसला तर

खरं कौशल्य इथे आहे, आणि सराव करताना सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो.

य = ०.५क्ष² − ४०क्ष + ७५० हा आलेख नेहमीच्या खिडकीत काढा, म्हणजे दोन्ही अक्ष −१० ते १०. काहीच दिसणार नाही. क्ष १० असताना य ४०० आहे, क्ष −१० असताना १२००. आलेख पडद्याच्या कितीतरी वरून चाललाय. अशा वेळी बहुतेक मुलं झूम आउट करत सुटतात. मी म्हणते, थांबा, दहा सेकंद डोकं वापरा. पॅराबोलाचा शिरोबिंदू −ब भागिले २अ वर, म्हणजे ४० भागिले १, ४० वर. तिथे य किती? ८०० − १६०० + ७५० = −५०. आता खिडकी ठरली: क्ष ० ते ६०, य −६० ते १००. आलेख देखणा बसतो, ३० आणि ५० वर अक्ष कापतो. हे करताना प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. ज्याला खिडकी ठरवता येते त्याला बहुतेक वेळा आलेखाची गरजच उरत नाही, ही या यंत्राची मला नेहमी मजेशीर वाटणारी बाजू.

शब्दांतलं गणित असेल तर खिडकी प्रश्नातच लिहिलेली असते. वेळ सेकंदांत असेल तर क्ष शून्यापासून. उंची असेल तर य ऋण कशाला? प्रश्नातले आकडे वाचा आणि तेच टाका. आकडे सुचत नसतील तर टीआयवर क्ष ची मर्यादा स्वतः ठरवून ‘झूमफिट’ घ्या, तो य ची मर्यादा बसवून देतो. किंवा टेबल उघडा, कोणत्या क्ष ला य किती आहे ते खाली सरकत पाहा. य चं चिन्ह जिथे बदलतं, मूळ तिथेच आसपास असतं.

रिकाम्यापेक्षा वाईट पडदा म्हणजे अर्धवट भरलेला. २ चा क्ष वा घात आणि क्ष चा वर्ग, हे दोन आलेख किती ठिकाणी छेदतात? नेहमीच्या खिडकीत दोन जागा दिसतात: −०.७६७ च्या आसपास एक आणि २ वर एक. मूल ‘दोन’ लिहून पुढे जातं. तिसरा छेद क्ष = ४ वर आहे, पण तिथे य आहे १६, आणि पडदा १० वर संपला. यावर माझा आवडता उपाय: दोन आलेख काढण्याऐवजी दोघांची वजाबाकी काढा आणि ती शून्य कुठे होते ते पाहा. आता तिसरं मूळही क्ष-अक्षावरच येतं, य कितीही मोठा असो. डेसमॉसमध्ये तर य लिहायचाच नाही. नुसतं समीकरण टाका, डावी बाजू बरोबर उजवी बाजू, फक्त क्ष मध्ये. जिथे उत्तर असेल तिथे उभी रेघ येते. इथे तीन रेघा येतील. तरी आडव्या दिशेनं थोडं मागे जाऊन बघायची सवय ठेवा, उत्तर पंचवीसवर असेल तर नेहमीच्या पडद्यावर तेही नसणार.

आणि हा डोळ्यांचा धोका: क्ष² − ४क्ष + ३.९९. पडद्यावर हा २ वर अक्षाला हलकेच टेकलेला दिसतो. ‘एकच उत्तर’ असं वाटतं. खरी उत्तरं १.९ आणि २.१ आहेत, मधला खळगा फक्त ०.०१ खोल. साध्या टीआय-८४ चा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, त्याला तो खळगा दाखवायला ठिपकाच नाही. ‘किती उत्तरं’ असा प्रश्न असला आणि आलेख टेकल्यासारखा वाटला, की विवेचक, म्हणजे ब² − ४अक, काढा: १६ − १५.९६ = ०.०४, धन, म्हणजे दोन. दहा सेकंदांचं काम. खरोखरच टेकणारा आलेख असेल तर टीआयचं ‘झीरो’ कधीकधी अडतं, कारण ते चिन्ह बदलायची वाट बघतं. अशा वेळी ‘मिनिमम’ किंवा ‘मॅक्सिमम’ घ्या.

टीआयवर ‘इंटरसेक्ट’ घेताना तो तीन गोष्टी विचारतो: पहिली वक्ररेषा, दुसरी वक्ररेषा, आणि अंदाज. तिन्ही वेळा डोळे मिटून एंटर दाबायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. छेद एकच असेल तर निभावतं. दोन असतील तर कर्सर हव्या त्या छेदाजवळ नेऊन मगच तिसरा एंटर, नाहीतर तो भलताच बिंदू देईल.

स्लायडर आणि नागमोडी रेघ

डेसमॉसच्या या दोन सोयी मुलांना फार आवडतात, आणि त्यातली एक मला थोडी खटकते.

समजा विचारलंय: य = क्ष² − ६क्ष + ११ आणि य = २क्ष − क यांना एकच सामाईक बिंदू असेल तर क किती? स्थिरांकाचं अक्षर टाकलं की डेसमॉस स्लायडर देतो. तो सरकवत नेला की रेघ खाली जाते आणि ५ च्या जवळ पॅराबोलाला टेकते. पण ४.९ ला टेकली की ५ ला, हे डोळ्यांना नीट ठरवता येत नाही. स्लायडरचा उपयोग ‘पाचाच्या आसपास’ एवढं कळण्यापुरता. मग ५ हाताने टाका आणि पडताळा: क्ष² − ८क्ष + १६ = ०, म्हणजे (क्ष − ४) चा वर्ग, बिंदू (४, ३). ज्याला हे मांडता येतं त्यानं स्लायडर उघडूच नये, हे माझं मत. भाचा सहमत नाही. तो आधी स्लायडर सरकवतो, मग विवेचकानं तपासतो, आणि वेळेत बसतंय म्हटल्यावर मीही बोलत नाही.

नागमोडी रेघेचं मात्र मी मनापासून कौतुक करते. (१, ६), (३, ४), (६, १६) या बिंदूंतून जाणारं, क्ष चा वर्ग असलेलं फल दिलंय, क्ष = १० असताना किंमत काढा. हातानं तीन समीकरणं, तीन अज्ञात, आणि चिन्हं चुकायच्या दहा जागा. डेसमॉसमध्ये बिंदू टेबलमध्ये भरा. खालच्या ओळीत टेबलच्या स्तंभांची नावं वापरून य₁ लिहा, बरोबरच्या जागी नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, आणि पुढे अक्ष₁² + बक्ष₁ + क. तो अ = १, ब = −५, क = १० सांगतो. म्हणजे क्ष² − ५क्ष + १०, आणि १० ला किंमत ६०. टीआय-८४ वर हेच ‘स्टॅट’मध्ये याद्या भरून ‘क्वाडरेग’नं होतं. डेसमॉसमध्ये फक्त स्तंभांना जी नावं आहेत तीच ओळीत हवीत, नाहीतर तो मुकाट्यानं दुसरंच काही काढतो.

दशांशातून वर्गमूळ, आणि किती घरं

पर्यायांत २√३ लिहिलेलं असतं, यंत्र ३.४६४१ म्हणतं. त्याचा वर्ग करा: १२. √१२ म्हणजे २√३. उत्तरात पाय असेल अशी शंका आली तर पायनं भागून बघा, सुटसुटीत संख्या आली तर शंका खरी. टीआयवर दशांशाचा अपूर्णांक करायला ‘मॅथ’मधला पहिलाच पर्याय आहे, डेसमॉसमध्ये उत्तराशेजारी अपूर्णांकाची खूण येते.

एसएटीत ज्या प्रश्नांची उत्तरं स्वतः भरायची असतात तिथे २/३ असंच भरावं. दशांशात भरायचं तर जागा संपेपर्यंत आकडे लिहायचे. ०.६७ लिहिलंत तर ते चूक धरतात, ०.६६७ चालतं. गणित येऊनही इथे गुण गेला की फार जिव्हारी लागतं.

यंत्र बंद ठेवायचे प्रश्न

३क्ष + ७ = १९ असेल तर ६क्ष + १४ किती? ३८. क्ष काढायचाच नाही, दुप्पट करायची. असे प्रश्न मुद्दाम घातलेले असतात आणि यंत्र उघडणारा तिथे अर्धं मिनिट गमावतो. ‘या राशीत हा सहगुणक काय दर्शवतो’ असं विचारलं तरी आलेख काढून काही मिळत नाही. भाच्याच्या सराव परीक्षेनंतर आम्ही प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायचो: यंत्र उघडलं का, आणि उघडायला हवं होतं का. पहिल्या वेळी त्यानं ४४ पैकी ३१ प्रश्नांत उघडलं होतं. महिन्याभरानं १४. उरलेला वेळ शेवटच्या चार अवघड प्रश्नांना गेला.

एपीवाल्यांसाठी

तिथे यंत्राकडून चार कामं अपेक्षित असतात: हव्या त्या खिडकीत आलेख, समीकरणाची मुळं, एखाद्या बिंदूवरचं विकलन आणि निश्चित संकलन. बाकी सगळं कागदावर. उत्तर दशांशात असेल तर दशांशचिन्हापुढे तीन घरांपर्यंत अचूक लागतं, आणि इथेच मधल्या टप्प्यावर दशांशाची घरं कमी केलेली अंगाशी येतात. छेदनबिंदू ०.७४ लिहून पुढच्या गणितात ०.७४ वापरू नका. टीआयवर इंटरसेक्ट केल्यावर ती किंमत क्ष मध्ये बसलेलीच असते. मुख्य पडद्यावर येऊन ती ‘स्टो’ बटणानं ए या अक्षरात ठेवा, आणि संकलनाच्या मर्यादेत ए टाका. कागदावर मात्र ‘एफएनइंट’ वगैरे यंत्राची भाषा लिहायची नाही. संकलनाचं चिन्ह, मर्यादा, आतली राशी, नेहमीच्या गणिती भाषेत, मग बरोबर आणि उत्तर. मांडणीला गुण असतात. माझ्या त्या ०.५०० च्या उत्तराआधी मांडणी नीट लिहिलेली होती, तेवढे तरी हाती लागले असावेत.

आदल्या रात्रीचं काम एवढंच: चार्ज होणारा असेल तर पूर्ण चार्ज करा, जुना टीआय-८४ असेल तर चार नवे ट्रिपल-ए सेल घाला. डेसमॉस वापरणार असाल तर परीक्षेच्या ॲपमधलाच सराव करा, वेबसाइटवरचा नको, दोन्हींत सोयींचा थोडा फरक असतो. आणि कॅल्क्युलेटर मागून आणलेला असेल, तर झोपायच्या आधी साइन ३०.